तळघराचं पाणी

पाइपाच्या तोंडावर पांढरं टोपण घट्ट बसलं होतं, कडेने सोल्यूशन ओघळून सुकलेलं... श्यामकांतने अंगठा फिरवून पाहिला. कोरडं. कालपर्यंत तळघरात झिरपणारं पाणी पंपाने उपसलं की याच पाइपातून मागच्या नालीत पडायचं, आणि मागच्या पाऱ्यातल्या, त्या वस्तीतल्या, बायका डबे घेऊन इथे उभ्या असायच्या. आता ते गाळून वर जात होतं, संडासांना, एसीच्या कूलिंग टॉवरला. एवढं मोठं कॉम्प्लेक्स, आणि त्यामुळे बोअरचा उपसा निम्म्यावर आलेला. योजना त्याचीच; मालकांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली होती. नकाशात पाऱ्यासाठी एक नळ होता. तो त्यानेच खोडला. कोणी विचारलं नाही, म्हणून त्यानेही स्वतःला विचारलं नाही.

"साहेब."

भीमाबाई. कमरेशी दोन रिकामे डबे. ती इथे झाडू-पोछा करायची; त्याआधी, आई अंथरुणाला खिळली तेव्हा, त्याच्या घरी होती. तेव्हा तो 'भैया' होता.

"पानी काहून बंद केलं जी?"

"बंद कुठं? वर वापरून राहिलो."

"सारं?"

सारं नाही. टाकी भरली की उरलेलं आतल्या आत गटारात जात होतं, आत्ताही जात असेल...

"सारं," तो म्हणाला.

"टँकरपाशी लई मारामारी होते, साहेब. सुनेले नववा लागला, तिले पाठवता येत नाही. एक नळ ठेवला असता तर..."

आता ही आईचं नाव काढील—आणि तो वाट पाहू लागला. तो उन्हाळा. चमचा ओठांशी नेला की आई तोंड मिटून घ्यायची, पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळायचं; मग ही पदराला हात पुसत यायची, नुसतं 'माय' म्हणायची, आणि आई—माझी आई—हिच्या हातून घटाघटा प्यायची. शेवटचा घोटसुद्धा. मी तिथेच उभा होतो, हातात भरलेला पेला. म्हण ना, बाई. तुझ्या आईले मी पानी पाजलं, म्हण एकदा. मग मी नळ देईन, किंवा हाकलून देईन, पण निदान तू त्या पाण्याच्या नावाने मागितलेलं असेल.

भीमाबाईने आईचं नाव काढलं नाही. पाइपाकडे बघत राहिली, जणू सारा प्रश्न त्या पाइपाचाच होता.

"आणि हे डबे इथं आणत जाऊ नका," त्याचा आवाज अगदी मऊ होता, त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "पाहुणे येतात. बरं दिसत नाही."

"हव."

ती वळली. डबे एकमेकांवर आपटत गेले, पार्किंगच्या भिंतीपलीकडे आवाज विरला. श्यामकांत तसाच उभा राहिला. वाईट वाटेल म्हणून थांबला होता, वाटलं नाही. छातीत काहीतरी हळूहळू सैल होत गेलं, गोड, इतक्या वर्षांत न मिळालेलं... आणि ते पुरतं पसरायच्या आतच ओसरायला लागलं. त्याने भिंतीकडे पाहिलं. झाडायला येईल, पण पाणी मागायला एवढ्यात पुन्हा येणार नाही ती. दुसऱ्या पाऱ्यातल्या हँडपंपावर जाईल, मुकाट्याने, कोणाला काही न विचारता. उद्या तरी येईल का? परवा? पाणी मागायला तिला परत बोलावण्यासाठी काय निमित्त काढावं, याचा तो मन लावून विचार करू लागला.