प्रॉम्प्टर नको!

नालवाडीच्या सखी नाट्य मंडळाच्या बैठकीत रीतानं जेव्हा जाहीर केलं की या वर्षी प्रॉम्प्टर नको, तेव्हाच कोणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही तिची जुनी खोड. "विंगेतून कोणी वाक्यं पुरवायची आणि आपण ती पोपटासारखी म्हणायची, याला काय अभिनय म्हणतात?" असं ती म्हणाली, आणि तेही पुण्याच्या मराठीत. कलेचा विषय निघाला की रीताची वऱ्हाडी लगेच आत जाऊन बसायची, पाहुणे आल्यावर फुटकी बादली मोरीत जाते तशी.

मंडळ म्हणजे एकूण पाच बायका. दुपारी कौशल्याकाकूंच्या किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की मागच्या खोलीत तालीम सुरू व्हायची. एका भिंतीशी तुरीच्या डाळीचे कट्टे, दुसऱ्या भिंतीशी नाट्यकला. काकू मंडळाच्या अध्यक्ष, शिवाय सगळ्यांत उंच, त्यामुळे मिशी कायम त्यांना. रुख्मामावशी शेतातून थेट यायच्या आणि सासू व्हायच्या. त्यासाठी त्यांना अभिनय करावा लागत नाही, असं त्यांची सून सांगत फिरायची. सपना सावंगीच्या दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून ती इतकी थकलेली असायची की रीतानं तिच्यासाठी नाटकात मुद्दाम एक बेशुद्ध जाऊबाई घातली. बिचारी प्रयोगभर गोधडीखाली पडून राहिली तरी चालणार होतं. रक्षा शाळेत शिकवायची आणि दरवर्षी प्रॉम्प्टिंग करायची. या वर्षी रीताच्या कृपेनं तिच्याकडे नुसता पडदा उरला.

आणि पाचवी रीता. नवऱ्याच्या, म्हणजे गजेंद्रच्या, मोटारपंपाच्या दुकानाची अर्धी मालकीण आणि मंडळाची एकमेव नाटककार. दरवर्षी ती एकांकिका लिहायची, इतरांना भूमिका वाटायची आणि विंगेत उभी राहून ओठ हलवायची. या वर्षीच्या एकांकिकेचं नाव होतं 'उंबऱ्याआतलं आभाळ'. नायिका सुमित्रा. "हे काम कुणीही करा, माझा काही आग्रह नाही," असं म्हणून रीता छताच्या पंख्याकडे पाहत बसली होती. कौशल्याकाकू म्हणाल्या, "तूच कर." रीतानं लाजत दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा दिला नाही, न जाणो, ऐकला असता तर!

तिला काम मिळालं ते आपल्या आवाजामुळे आणि डोळ्यांतल्या भावांमुळे, अशी तिची पक्की समजूत होती. पण एक जुनी आठवणही होती. हिंगणघाटला कॉलेजात असताना गॅदरिंगच्या नाटकात ती राणी झाली होती. भर दरबारात वाक्य विसरली आणि मुकुट हातात धरून पळाली, ती थेट घरीच. त्यानंतर ती स्टेजवर चढली नव्हती. यंदा तिनं मनाशी ठरवलं होतं: जमलं तर जमलं, पुन्हा विसरले तर आयुष्यात परत तोंडाला रंग लावायचा नाही. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, गजेंद्रलाही नाही.

पाठांतराचा तिनं धडाका लावला. फ्रिजवर वाक्यं, गव्हाच्या कोठीवर वाक्यं, गॅसच्या सिलिंडरवर वाक्यं. फोडणी देताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. महिन्याभरात गजेंद्रचं सगळं पाठ झालं. दुकानात पंप घासाघीस करून मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तो सरळ म्हणाला, "माझ्या त्यागाची किंमत तुम्ही काय करणार!" घरात पाठ झालं नाही ते फक्त नायिकेचं. दोष तिचाच होता म्हणा. जी भाषा आपण भाजीवाल्याशी बोलत नाही, नवऱ्याशी भांडताना वापरत नाही, त्या भाषेत तिनं पानंच्या पानं लिहिली होती.

तालमीत ती अडायचीच. मग डोळे मिटायची, एक हात छातीवर ठेवायची आणि वाक्य सापडलं की सगळ्यांना समजावून सांगायची, "हा विराम होता."

"वा! काय विराम घेतला व माय," रुख्मामावशी म्हणायच्या.

"ताई, माह्या तं अंगावर काटाच आला," सपना गोधडीखालून म्हणायची.

रीताला ते खरं वाटायचं. कौतुक खोटं असू शकतं हे तिला दुसऱ्यांच्या बाबतीत बरोबर कळायचं.

स्पर्धा वर्ध्याला होती, भरदुपारी. नाट्यगृह बायकांनी गच्च भरलेलं, तिसऱ्या रांगेत गजेंद्र इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. पडदा उघडला, आणि पहिला अर्धा भाग असा सुरळीत गेला की रीतालाच शंका यायला लागली. मग तो प्रसंग आला. सासू टोमणा मारते, सासरा मिशीला पीळ देतो आणि सुमित्रा उसळून बोलते.

रुख्मामावशींनी टोमणा मारला. काकूंनी मिशी पिळली. रीता उसळली, आणि तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. पुसलेली पाटी. तिनं डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. या वेळी मात्र विरामातून काही सापडेना.

तेवढ्यात वाक्य ऐकू आलं. एकट्या विंगेतून नाही, चारी बाजूंनी!

"माझंही एक आभाळ होतं, सासूबाई! ते तुम्ही धुऊन दांडीवर वाळत घातलंत!"

सासूबाईंनी ते स्वतःलाच सुनावलं. सासऱ्यानं मिशी सांभाळत, जाड्या आवाजात. पडद्याच्या दोरीपाशी उभ्या असलेल्या रक्षानं. गोधडीखालच्या बेशुद्ध जावेनं तर मान वर काढून. आणि तिसऱ्या रांगेतून, खणखणीत, मोटारपंपवाल्या गजेंद्रनं.

नाट्यगृह हसून हसून फुटलं. कोणीतरी शिट्टी मारली. स्टेजवरच्या सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या; आपल्यासारखंच दुसरीनंही गुपचूप पाठ केलं असेल, हे एकीलाही माहीत नव्हतं. सपनानं घाईघाईनं पुन्हा बेशुद्ध व्हायचं ठरवलं.

रीता कशीबशी पुढची चार वाक्यं बोलली आणि परत अडली. आता मात्र प्रत्येकीनं शहाणपण दाखवलं. मघासारखा गोंधळ नको, दुसरी बोलेल, असं म्हणून सगळ्या गप्प बसल्या. काकू गप्प, मावशी गप्प, रक्षा गप्प, गोधडी गप्प. गजेंद्रनं तर तोंडावर रुमालच धरला होता. सात मसाले कुटून ठेवले आणि भाजीत मीठच नाही, अशी ती शांतता.

पळावं, असं रीताच्या पायांना वाटलं. विंग दोन पावलांवर होती. पण वाटेत रुख्मामावशी बसल्या होत्या, चांगल्या पाय पसरून, आणि त्यांना ओलांडून जाणं बरं दिसलं नसतं.

"मी विसरली," रीता म्हणाली. तोंडातून निघालं ते वऱ्हाडीतच.

मावशींनी जागेवर सरकून सतरंजीवर हात थोपटला. "विसरली तं विसरली. बस इथं. आपण काय पाठ करून जगलो काय आजपावतर? तुले काय म्हणाचं हाये, थे सांग ना."

रीता बसली. आता नाटक तर गेलंच होतं, मग राखायचं काय?

"मले का नाई मावशी," ती म्हणाली, "एक डाव कोणाले न विचारता घराबाहेर जाचं हाये. काम नाई, बाजार नाई, कोणाची तेरवी नाई. असंच. अन् कोणी इचारलं काऊन गेलती, तं सांगाचं नाई."

पुढच्या रांगेतली एक बाई "हाव ना माय" म्हणाली, जरा मोठ्यानंच. कोणी हसलं नाही. रक्षाला वाटलं झालं नाटक, तिनं पडदा ओढला. अजून दोन प्रवेश बाकी होते.

बक्षीस मिळालं नाही हे सांगायला नकोच. निकालात मंडळाचं नाव शेवटून पहिलं होतं.

नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत रीता तोंडाचा रंग पुसत बसली. बाकीच्या आलुबोंडे खात होत्या, पण हळूहळू, मयतीच्या घरी खावे तसे.

"तुमी सगळ्याइनं पाठ केलतं," रीता म्हणाली.

रक्षानं आलुबोंड्यांचं ताट तिच्याकडे सरकवलं.

"मले न सांगता. एक एक जणीनं."

"मी ड्यूटीवर केलं ताई," सपना पुटपुटली. "इंजेक्शनच्या ट्रॉलीवर कागद ठेवला होता."

"मले वाचता येत नाई धड," रुख्मामावशी म्हणाल्या, "नातीनं म्हणून दाखोलं. मी वावरात निंदता निंदता म्हणो."

रीताचा आवाज चढला. "म्हणजे सगळ्याइले खात्री होती का मी विसरन! थे वा वा, थो विराम, थो अंगावरचा काटा, सगळं खोटं?"

सपनानं आलुबोंडा खाली ठेवला. रक्षानं काकूंकडे पाहिलं. कौशल्याकाकूंच्या ओठावर अर्धी मिशी अजून लोंबत होती. त्यांनी ती ओढून काढली, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते डिंकामुळे होतं की कशामुळे, सांगता येत नाही.

"हाव," त्या म्हणाल्या. "खात्री होती. पहिल्या दिवसापासून होती."

"मंग काऊन देला मले रोल?"

"दरसाल तू बाजूले उभी राहून आमचे डायलॉग म्हणे. आमी स्टेजवरून तुह्यं तोंड पाहो. स्टेजवर याले तुहा जीव तुटे, थे आमाले दिसे." काकूंनी मिशी कागदात गुंडाळली. "तू विसरशीन हे ठाऊक होतं बाई. म्हणून तं पाठ केलं. रोल मातर तुलेच द्याचा होता."

रीताला रडू फुटलं. अर्धा पुसलेला रंग गालावरून हनुवटीपर्यंत वाहिला. ती काम चांगलं करते असं म्हणणारी माणसं तिला हवी होती, आणि इतकी वर्षं ती तीच शोधत होती. ती पडणार हे पक्कं ठाऊक असून तिला वर चढवणारी, आणि खाली हात पसरून उभी राहणारी माणसं असू शकतात, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिला लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं.

"रक्षा," ती नाक पुसत म्हणाली, "पुढच्या वक्ती तू विंगेतच बसजो. पुस्तक घेऊन. अन् मोठ्यानं सांगजो."

"म्हणजे तुमी काम करसान ताई?"

"करीन ना," रीता म्हणाली, आणि आलुबोंड्याच्या ताटाकडे हात नेला.