भिमाजीनं शिवलेली गोधडी

तिसगावच्या बाजारातून आणलेलं मऊशार ब्लँकेट भिमाजीनं दुसऱ्याच सकाळी पायानं बाजूला लोटलं आणि भांडणाला तोंड फुटलं.

थंडी मरणाची पडली होती. ज्वारी हुरड्यात आली होती अन् पहाटेचं पाणी धरायला गेलं की बोटं वाकत नव्हती. घरातली जुनी गोधडी पार चाळणी झाली म्हणून सून अश्विनीनं हौसेनं ते ब्लँकेट आणलेलं. पण भिमाजीचं म्हणणं, त्याला वजनच नाही. अंगावर काही हाय का न्हाई तेच कळत न्हाई, अन् कूस वळली की निवांत खाली घसरतं. त्याला गोधडी पाहिजे होती. लुगड्यांची, जड, घरी शिवलेली.

त्याची बायको छबूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सांगितलं, बाजारात गोधड्या शिवून देणाऱ्या बाया हैत, त्यांच्याकडं टाकू. भिमाजीला ते पटेना. घरात बाई असताना गोधडी बाहेर टाकायची म्हणजे दारात विहीर असून शेजारी पाणी मागायचं. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरचा कानिफनाथ चुन्याची डबी मागायला आला, आणि ऐकणारा मिळाल्यावर भिमाजीला चेव चढला.

"त्यात काय येवढं? बसून नुसता दोरा वढायचा. बायकांना आता तेबी जड झालंय."

छबूबाईचा थापता हात थांबला. उभ्या जन्मात किती गोधड्या शिवल्या ते तिलाही आठवत नव्हतं. नणंदांच्या लग्नात शिवल्या, लेकीच्या बाळंतपणात शिवल्या, खुरपणीवरून येऊन मान मोडेस्तोवर शिवल्या. पांघरणाऱ्यानं कधी एक टाका निरखून पाहिला नव्हता. तिनं भाकर तव्यावर टाकली.

"बसूनच वढायचा हाय न्हवं? मग बसा की तुमी. मी काय आडवी येत न्हाई."

कानिफनाथ डबी हातात धरून तिथंच रेंगाळला. आता माघार घ्यावी तर सांजच्याला गावभर झालं असतं. भिमाजी म्हणाला, शिवतो. जन्मभर पोती शिवली, गोधडीचं काय कौतुक.

दुसऱ्या दिवशी त्यानं अंगणात लुगडी अंथरली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पोती शिवायचा दाभण घेऊन मधोमध मांडी ठोकली. दाभणानं पहिल्याच टाक्याला कापडाला हे मोठं भोक पडलं. कानिफनाथाची बायको बनुबाई बांधावरून बघत होती. तिनं विचारलं, भावजी, गोधडी शिवताय का कांद्याची गोणी? मग अश्विनीनं सुई आणून दिली. सुईत दोरा जाईना, तर भिमाजी सुईलाच नावं ठेवू लागला. नाचता येईना, अंगण वाकडं.

दुपार कलली तरी एक बाजू पुरी झाली नव्हती. बोटांची टोकं हुळहुळली होती, गुडघे आखडले होते. तशात कुणाची तरी मोकार सुटलेली शेळी तुरीत शिरली. भिमाजी "हाड हाड" करत उठला, अन् त्याच्याबरोबर गोधडीही उठली. वरच्या लुगड्याबरोबर त्यानं स्वतःच्या धोतराचा सोगाही शिवून टाकला होता. दोन पावलांत तो गोधडीसकट तोंडावर पडला. बनुबाई हसता हसता बांधावरच खाली बसली.

छबूबाईनं आधी शेळी हाकलली. मग येऊन त्याच्यापाशी बसली आणि सोगा उसवू लागली. पदर तोंडात धरला होता, पण खांदे हलत होते.

"टाकं मातुर घट घातल्यात," ती म्हणाली. "उसवंनात."

भिमाजी सुजल्या बोटांकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "छबे, येवढ्या गोधड्या तू कवा शिवल्यास गं?"

"तुमी दुपारचं निजायचे तवा."

भिमाजीची मान खाली गेली. सोगा सुटल्यावर छबूबाईनं सुई मागितली, उरलेलं मी करते म्हणाली. त्यानं दिली नाही. माझी मीच पुरी करीन म्हणाला, तू फकस्त टाका कसा घ्यायचा तेवढं दाखव. तिनं दाखवला. तिचे टाके तिफणीच्या ओळीगत सरळ, त्याचे बैल उधळल्यागत. पण त्यानं रोज दुपारी बसून गोधडी तडीस नेली, अन् पांघरून असा झोपला की पाण्याच्या पाळीची आठवण अश्विनीला करून द्यावी लागली. चावडीपुढं कुणी टोमणा मारलाच, तर म्हणायचा, "येकदा शिवून बघा, मंग बोला. लई अवघड काम हाय ते."

त्याची ही कबुली बनुबाईच्या कानावर गेली.

पुढच्या सोमवारी ऊन अंगणात उतरतंय तोवर कानिफनाथ दारात हजर. काखेत जुन्या लुगड्यांचं बोचकं, तोंड एवढंसं झालेलं.

"घरी म्हनती, भिमाभावजींना जमतं, तर तुमाला काय धाड भरली?" तो म्हणाला. "तुझ्यापायी आमाला ह्यो भोग, भिमा."

भिमाजीनं हसून त्याला बसायला जागा केली. दोघांनी मिळून लुगडी अंथरली. छबूबाई सुपात शेंगा घेऊन ओट्यावर पाय पसरून बसली आणि एकेक शेंग फोडत तोंडात टाकू लागली.

"दोरा आखूड घ्या भावजी," ती म्हणाली. "लांब दोऱ्याचा गुता हुतो."

दोन्ही गडी मुकाट्यानं माना खाली घालून दोरा तोडू लागले.