बशीतला पांढरा पुंजका

जनावरांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत तिला सगळे टापटीपताई म्हणत आणि हे नाव तिला मनापासून आवडायचं. बाटलीचं झाकण कुणी वाकडं लावलं तरी तिच्या कपाळाला आठी पडे. नमुन्यातले जंतू वाढवायच्या आपल्या काचेच्या बशीत हवेतली बुरशी कधी पडली नाही, हे ती नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची.

म्हणूनच मागचे पाय ओढत चालणाऱ्या एका अल्सेशियन कुत्रीच्या मणक्यातून काढलेल्या द्रवाच्या बशीत चौथ्या दिवशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, तेव्हा तिला घाम फुटला. बशी भरताना नणंदेचा फोन आला होता. नणंदबाई एकदा सुरू झाल्या की आवरत नाहीत. झाकण उघडं राहिलं असणार. तिनं इकडेतिकडे पाहिलं, बशी कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि अहवालात लिहिलं : काही आढळलं नाही.

डॉक्टरांनी तो अहवाल डोळे झाकून मानला. संसर्ग नाही म्हणजे नुसती सूज, असं धरून त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं.

तीन आठवड्यांनी कुत्रीचा मालक, एक म्हातारा घड्याळजी, तिच्या पोटाखाली टॉवेल घालून तिचं मागचं धड उचलत आला. अंगात पसरलेला संसर्ग लघवीत उतरतो, म्हणून या खेपेला लघवी तपासली. दोन बशा लावल्या, दोन्हींत तोच पुंजका उगवला. बुरशी पहिल्यापासून मणक्यातच होती आणि प्रतिकारशक्ती दाबून स्टेरॉइडनं तिला रान मोकळं करून दिलं होतं.

"पाय परत येतील का हो?" घड्याळजीनं विचारलं.

"औषध देऊ. पण उशीर झालाय," डॉक्टर म्हणाले.

"मग आधी का नाही कळलं?"

"तेव्हा बुरशी नव्हतीच," डॉक्टर म्हणाले. "आमच्या ताईंच्या नजरेतून काही सुटत नाही."

टापटीपताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसली असती तर कुणाला कधीच कळलं नसतं. कुत्री टॉवेलात लोंबकळत तिचा हात हुंगत होती.

"तेव्हाही आली होती बुरशी," ती म्हणाली. "मला वाटलं, झाकण उघडं राहून माझ्याच हलगर्जीपणानं पडली. लाज वाटली, म्हणून बशी फेकून दिली."

घड्याळजीनं टॉवेलाची टोकं मुठीत गुंडाळली.

"म्हणजे झाकण नीटच होतं, ताई," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "तुमचं काम अगदी चोख झालं होतं."

तिला मान वर करता येईना. त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.