माणसाचा पहिला शब्द

तिने वॉकर दाराबाहेर नेऊन ठेवला, पलंगाशेजारी सतरंजी अंथरली आणि नवऱ्याला त्या सतरंजीवर हातां-गुडघ्यांवर ओणवं केलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्याचा उजवा पाय रुसला होता आणि जीभ तर पार मुकी झाली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनीही हात टेकले होते. आता तो प्रयत्नसुद्धा करत नसे, भिंतीकडे तोंड करून पडून राही. तिला पायापेक्षा या पडून राहण्याचीच धास्ती होती.

"अहो, पहिला अंक," ती म्हणाली आणि दाराच्या पडद्याआड जाऊन बसली.

नाटकमंडळीत तो नट, ती पडद्याआडून शब्द पुरवणारी प्रॉम्प्टर. त्यांच्या एका नाटकात तो सुरुवातीला माकड असायचा आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत माणूस व्हायचा. त्याची पद्धत ठरलेली. आधी मान उचलायची, मग एकेक बोट जमिनीचा निरोप घेणार, करंगळी सगळ्यांत शेवटी. घाई केली की माणूस खोटा होतो, असं तो नव्या नटांना बजावायचा. तिथे रोज माणूस बनता, मग घरी आल्यावर का विसरता, असं ती त्याला चिडवायची.

"मान," पडद्याआडून तिने हलकेच सांगितलं.

मान वर आली. मग तिने बोटांची आठवण करून दिली. अंगठा सुटला, तर्जनी सुटली. करंगळी बराच वेळ अडून बसली. त्याने पलंगाचा कठडा धरला आणि पाठ सरळ होऊ लागली. उजवा पाय लटपटला तेव्हा धावत जाऊन त्याला धरावं असं तिला फार वाटलं, पण प्रॉम्प्टरने रंगमंचावर जायचं नसतं. ती ओठ दाताखाली धरून बसून राहिली.

तो उभा राहिला. त्या जुन्या नाटकाचे उपकार कसे फेडावेत, तिला कळेना.

नाटकात इथे माणूस आकाशाकडे बघून पहिला शब्द बोलायचा. तिने तो सवयीने पुरवला.

"मी."

त्याने वर पाहिलं नाही. इतक्या प्रयोगांत तो तिच्या बाजूला कधी वळला नव्हता. आवाज आला की त्याचं भागायचं. आज मान पडद्याकडे वळली. डोळे भरून आले होते. ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलत राहिले.

"तू," तो म्हणाला.

शब्द चुकला की बरोबर शब्द पुन्हा द्यायचा, ही तिची जन्माची सवय. आज तिने तो दिला नाही. पडदा बाजूला सारून ती रंगमंचावर गेली.