दीड सोडा

राहील शिकलगार काय काम करतो हे त्याच्या आईला, शबानाला, शेजारणींना धड सांगता येत नसे. पोरगा सांगलीत विश्रामबागला ऑफिसात बसतो आणि हिरव्या पत्र्यावर जागा मोजतो, एवढंच ती सांगायची. ते तसं चुकीचंही नव्हतं. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणारा एक डबा असतो. त्याच्या पोटात सर्किट बोर्ड असतो. बोर्डाचं चित्र सांगलीत संगणकावर काढायचं, आणि भाग बसवून डबा भरायचा साताऱ्याच्या कारखान्यात. चित्र साताऱ्याला जाण्याआधी राहीलच्या नजरेखालून जाई. दोन भाग एकमेकांना खेटलेले नाहीत ना, डाग द्यायला सोल्डरिंगची गन आत जाईल ना, बोटानं बसवायच्या भागाला बोट पुरेल ना, हे बघणं त्याचं काम. चित्र काढणाऱ्याला सगळं थोडक्या जागेत कोंबायची हौस असते. बसवणाऱ्याला हात असतात.

या कामात राहीलचा हात कुणी धरत नसे. ऑफिसातली पोरं त्याला कंडक्टर म्हणून चिडवायची, कारण दिवसभर त्याचं एकच चाललेलं असे: हा जरा पुढं सरकवा, तो जरा मागं घ्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचे वडील मौला गेले. पलूसला त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. राहीलनं सगळं रीतसर केलं. गुसलला, मयताच्या आंघोळीला, पाणी ओतलं, खांदा दिला, कबरीत माती टाकली. रडला मात्र नाही. लोक म्हणाले, पोरगं धीराचं आहे. धीर कसला? दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर आपला ओठ आपल्याला सापडत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी घरात कुराण वाचायला माणसं बसली होती, तेव्हा फोन वाजला. साताऱ्याच्या कारखान्यातले कृष्णातकाका. पलटणीत गाड्या दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माणूस, निवृत्त होऊन कारखान्यात लागलेला. तिथं सगळे त्यांना मामा म्हणत. नव्या बोर्डाचं कच्चं चित्र त्यांच्याकडं बघायला गेलं होतं.

"कोपऱ्यातल्या नटाशेजारी ते उभं डबडं हाय न्हवं," काका म्हणाले, "त्याला दीड सोडा."

उभं डबडं म्हणजे कपॅसिटर. राहीलला फोनवरचं तेवढंच आठवत होतं. त्यानं बसल्या जागेवरून ऑफिसला मेसेज टाकला, दीड मिलिमीटर. कामावर गेल्यावर चित्र उघडलं, अंतर मोजलं, दीड भरलं. संगणकानंही हिरवी खूण दिली. चित्र पुढं गेलं.

बोर्ड तयार होऊन साताऱ्याला पोहोचले आणि आठवड्याच्या आत तिकडून बोलावणं आलं. ऑफिसचे मालक वीरधवल यांनी राहीलला गाडीत घातलं.

"बोर्ड बसत नाही म्हणतात," ते वाटेत म्हणाले. "त्यांचा मॅनेजर जयराज त्या कृष्णाताला काढायच्या बेतात आहे. तोंडी मापं देतो म्हणून. तुला फक्त काय ऐकलंस ते सांगायचंय. खोटं एक अक्षर नको."

"बरं."

"कऱ्हाडला चहा घेऊया?"

"बरं."

"नको घेऊया म्हटलं तरी बरंच म्हणशील."

शेवटी चहा राहून गेला.

कारखान्यात आधी त्यांना लाइनीवर नेलं. बायका ओळीनं बसल्या होत्या. संयोगिता नावाच्या बाईनं बोर्ड डब्यात ठेवला आणि कोपऱ्यातल्या नटावर बॉक्स पाना धरला. पाना खाली जाईना, कपॅसिटरवर अडकला. मग तिनं अंगठ्यानं कपॅसिटर कलता केला आणि पाना आत घातला.

"बघा सायेब. आता ह्याचा पाय हलला. हितं डाग तडकतोय. आज डबा चालंल, चार म्हैन्यानं रानात बंद पडंल, आन् शिव्या आमास्नी." तिनं पाना राहीलपुढं धरला. "तुमच्या सांगलीत पानं सुईएवढं असत्यात काय?"

बायका हसल्या. राहीलनं पाना हातात घेतला, नटावर ठेवून बघितला.

"किती जागा लागते याला?"

"दीड सूत. मामांनी सांगितलंय की तुमास्नी."

सूत. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत, तीन मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. दीड सूत म्हणजे पावणेपाच मिलिमीटर झाले. फिटर लोकांत सूत हा शब्द तोंडानं कुणी म्हणत नाही. दीडचा ड्रिल दे, दोन सोडून भोक पाड, असंच बोलतात. पलूसच्या दुकानात उभ्या जन्मात दुसरं माप निघालं नव्हतं. राहीलला हे नवं नव्हतं. त्यानं पाना खाली ठेवला. वाईट वाटायला पाहिजे, एवढं त्याच्या मनात आलं. वाटलं काहीच नाही.

जयराजच्या खोलीत कृष्णातकाका खुर्ची असूनही उभे होते, हात पाठीशी बांधून.

"फोनवर यांनी काय सांगितलं?" जयराजनं राहीलला विचारलं.

"दीड सोडा."

"दीड काय?"

"नुसतं दीड."

"सूत म्हणाले?"

"नाही."

वीरधवलनी सुटल्यासारखी मान हलवली. जयराज काकांकडं वळला. "मामा, खरं आहे?"

"खरं हाय. सूत म्हनलो न्हाई."

"का? एरवी तर सांगलीवाल्यांशी अर्धा अर्धा तास हुज्जत घालता."

काकांनी राहीलकडं बघितलं, मग खिडकीकडं. "इसरलो, सायेब. वय झालं."

"वय झालं तर घरी बसावं माणसानं. पेन्शन आहे तुम्हाला. एक तारखेपासून येऊ नका."

"व्हय," काका म्हणाले.

पुढं बोर्डांचं काय करायचं यावर मालक आणि मॅनेजर बोलत बसले. राहील बाहेर आला. चहाची सुट्टी झाली होती. संयोगितानं न विचारता त्याच्या हातात पेला दिला.

"मामांना काढलं?"

"एक तारखेपासून."

"तुमी काय सांगितलं?"

"नुसतं दीड म्हणाले, असं."

"आन् नुसतं का म्हनले?"

"विसरले म्हणाले."

"इसरत्यात कशाचं? मी शेजारीच हुते. तुमी फोन उचलला आन् तुमीच म्हनलासा, काका, काल अब्बांना माती दिली. मामांनी डोक्यावरची टोपी काढली. फोनवर बोलताना, सांगा आता. चार शबुद बोलले आन् ठिवला. म्हनले, मयताच्या घरात पान्याचं आन् नटाचं काय पुराण लावायचं. मामी वारली तवा तिसऱ्या दिशी हितनं फोन गेल्ता त्यांना, माल कुठं ठिवलाय म्हनून. ते त्यांच्या ध्यानात हाय. पेन्शनचं नका सांगू. पेन्शन काय घरात बोलती व्हय माणसासंगं? हितं आमच्यावर वरडत्यात, तेवढाच त्यांचा दिवस जातोय."

आपण असं म्हणालो होतो, हे राहीलनं आठवून बघितलं. वाचणाऱ्यांचा आवाज आठवला, सतरंजी आठवली, दीड आठवलं. ते वाक्य कुठंच सापडेना. आपल्या तोंडून बाप गेल्याची बातमी बाहेर पडली, ती साताऱ्यातल्या एका परक्या माणसानं टोपी काढून ऐकली, आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही.

त्यानं चहा तसाच ठेवला आणि परत आत गेला. काका अजून तिथंच उभे होते.

"साहेब, दीड म्हणजे दीड सूत, हे मला कळतं," तो जयराजला म्हणाला. "माझ्या वडिलांचं मोटर भरायचं दुकान होतं. आमच्या घरात तेच माप."

"मग मिलिमीटर का धरलंस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"मला काही सुधरत नव्हतं. चित्रही मीच तपासलं. कोपऱ्यात नट आहे, नटाला पाना लागतो, हे त्यात दिसत होतं. मला दिसलं नाही." मग बाजारातला भाव सांगावा तसं सरळ सुरात म्हणाला, "आणि काका विसरलेले नाहीत. आमच्यात मयत झाली होती म्हणून त्यांनी थोडक्यात आटपलं."

वीरधवलनी टेबलावरचा बोर्ड आपल्याकडं ओढला. म्हणाले, "चूक आमची धरा. नवे बोर्ड आम्ही करून देतो."

"मामा," जयराज म्हणाला, "हे मघाशी सांगायला काय झालं होतं?"

"पोराच्या घरचं हितं कशाला काढायचं?"

जयराज थोडा ओशाळला. ते लपवायला त्यानं आवाज चढवला. "इथून पुढं माप लिहून पाठवायचं. मिलिमीटरमध्ये."

"लिवतो की."

"एक तारखेचं राहू द्या."

काकांनी मान डोलावली आणि राहीलबरोबर फाटकापर्यंत आले. आभार मानतील असा माणूस तो नव्हताच.

"शाणा हायस," ते म्हणाले. "आता तुझा मालक तुला ठिवंल व्हय?"

"बघू."

"मी घरी गेलो असतो तर ऊस बघत बसलो असतो. तू काय बघशील रं, गड्या?" मग त्यांनी विचारलं, "बा कशानं गेला?"

मयतीला आलेल्या सगळ्यांनी सबुरी धर म्हटलं होतं. पण तेव्हा सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, त्यामुळं हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. राहील सांगायला लागला. दुकानात बसले होते, मोटर खोललेली होती, गिऱ्हाईक समोर होतं, संध्याकाळी घेऊन जा म्हणाले आणि मान खाली गेली. गिऱ्हाइकाला वाटलं, तार शोधतायत. पुढं दवाखाना, पुढं गाडी, गाडीत कोण कोण होतं, सगळं त्यानं सांगितलं. डोळे कोरडेच होते. काका मधे कुठं व्हय म्हणाले नाहीत की अरेरे म्हणाले नाहीत. वीरधवल गाडीशी उभे राहिले. त्यांनी हॉर्न दिला नाही.

सांगून झाल्यावर काका म्हणाले, "बरं. जा आता."

गाडी हायवेला लागल्यावर वीरधवल म्हणाले, "थोडे दिवस तपासायला दुसरं कुणी बसेल. तू चित्रं काढ."

"बरं."

"काढून टाकत नाहीये तुला."

वीरधवलनी वळून बघितलं. राहीलची मान काचेला टेकली होती, तोंड उघडं पडलं होतं आणि तो गाढ झोपला होता. त्यांनी गाणी बंद केली आणि गाडी जरा हळू घेतली.