अबोल सुवर्णा

सुवर्णा मुळातच अबोल, असं मनोहर सर सगळ्यांना सांगत. नागपुरात जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून ते अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे राहायला आले, पण जित्याची खोड! बायकोनं इंग्रजीत तोंड उघडायचा अवकाश, की सर वाक्य दुरुस्त करून तिच्या हातात ठेवत. सुनेसमोर, नातवंडांसमोर, दुकानात काउंटरवरसुद्धा. आपण तिचं भलंच करतोय अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्या शनिवारी ती फोन घरी विसरून गावच्या बागेत गेली. तिथे ज्याला हवा त्याला भाजीसाठी वाफा मिळे, तसा तिचाही मेथीचा एक होता. फोन द्यायला सर मागोमाग गेले, तर वालाच्या वेलापलीकडून तिचा आवाज आला. सुवर्णा इंग्रजीत बोलत होती, तेही धो धो.

"ही कम टू सी मी फॉर मॅरेज. आस्क मी वन क्वेश्चन इन इंग्लिश. आय आन्सर. ही करेक्ट मी! टी ऑल्सो नॉट फिनिश!"

शेजारच्या वाफ्यातली डोना खुरपं टाकून हसत होती. "गर्ल, यू डिडन्ट नीड नो टीचर! यू नीडेड अ हजबंड!"

सर सवयीनं चुका मोजू लागले. बायकोच्या तर ढीगभर होत्या, पण एकाच वाक्यात दोनदा 'नाही' ठोकणारी ही बाई तर इथेच जन्मलेली! आणि दोघींचंही काही म्हणता काही अडत नव्हतं.

"देन आय गो इन किचन. आय टेल माय मदर..."

तेवढ्यात तिला सर दिसले, आणि तोंड मिटलं. हे मिटणं सर रोज जेवणाच्या टेबलावर बघत आले होते. त्यालाच ते स्वभाव म्हणत होते.

"माय हजबंड. इंग्लिश टीचर," ती पुटपुटली.

"ओ! देन आय बेटर वॉच माय माउथ," म्हणत डोनाही खाली वाकून खुरपं शोधू लागली.

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आईला काय सांगितलंस गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो. उन्हात कशाला आलात? व्हा पुढे."

फोन देऊन ते निघाले, पण वेलाआड गेल्यावर पाय उचलेना. पलीकडे खुरप्याची खरखर सुरू झाली. मग सुवर्णाचा आवाज आला, अगदी हळू.

"आय टेल माय मदर, दॅट हाउस आय विल नेव्हर ओपन माय माउथ."

डोना हसली नाही. "ओ, हनी," एवढंच म्हणाली.

आणि सरांच्या मनात सगळ्यात आधी काय यावं? तर 'इन दॅट हाउस' हवं होतं. स्वतःची इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. घशाशी आलेला खोकला दाबून ते वेलाआड तसेच उभे राहिले. आपली चाहूल लागली, तर ती पुन्हा गप्प होईल.