गाडीने घेतलं!

"गाडी नाही म्हणतेय. खिशात काय लपवलंय काका?"

सारथीबाबाने असं विचारलं की शेडसमोरची गर्दी श्वास रोखून धरायची. आजही धरला. गाडीत बसलेल्या म्हाताऱ्या टेलरने पुन्हा एकदा पेडल दाबलं. चावी फिरवलेली, पेडल तळाला टेकलेलं, आणि गाडी ढिम्म. टेलरने ओशाळून खिशात हात घातला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी बाहेर काढली.

"अहो, हे विष पोटात घेऊन शक्तीच्या मांडीवर बसता? टोपलीत टाका!"

पट्टी चाकाजवळच्या टोपलीत पडली. तिथे आधीच गोळ्यांचा, बाटल्यांचा, इनहेलरचा ढीग साठला होता. मागच्या पाठमोऱ्या सीटवर बसलेल्या सारथीबाबाने उजवा हात उंचावला, डोळे मिटले, ओठ हलवले. "दाबा आता."

टेलरने दाबलं आणि गाडी सुळकन पुढे सरकली.

"गाडीने घेतलं!" गर्दी एका गळ्याने ओरडली. टेलरच्या डोळ्यांत पाणी आलं. लगोलग बाटल्या विकायला निघाल्या. बाटलीवर लिहिलेलं होतं, 'भारित जल'. सारथीबाबाचं म्हणणं सरळ होतं : "जे पाणी गाडी पिते, तेच तुम्ही प्या. गाडीला कधी ताप आलेला पाहिलाय?" आता गाडीची बॅटरी पिते ते पाणी कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतं, पण पंपावर ते कुणी डोळे मिटून देत नाही.

गर्दीच्या कडेला धाकटी उभी होती. गाड्यांची सीटकव्हरं शिवून पोट भरणारी बाई. दुकानातून निघाली तरी दोऱ्याचे तुकडे अंगाला चिकटलेलेच. इतके दिवस ती या प्रकाराला हसत होती. रिकामटेकड्यांना एक खेळ मिळाला आहे, चार दिवसांनी कंटाळतील, असं तिला वाटायचं. हसायचा हक्क तिला होताही, कारण गाडीची जात तिला पक्की ठाऊक होती.

वसाहत चढावर, दवाखान्याची व्हॅन थांबायची खाली फाटकाशी. धाकटीच्या मोठ्या जावेला, थोरलीला, साखरेचा आजार. उजव्या तळव्याला जखम, आणि त्या पायात जाणीवच उरलेली नाही. ड्रेसिंगला जायचं तर चढ उतरायचा कसा? एवढ्याशा भाड्यासाठी एकही रिक्षावाला वर यायला तयार नाही. दोघींचे नवरे केव्हाच गेलेले. घरात दोघी एकमेकींना धरून.

अशात धाकटीला ही गाडी दिसली. बंद पडलेल्या एका हॉटेलच्या मागे, गोल्फच्या मैदानावर साहेबलोकांना फिरवणारी, दारं नसलेली, विजेवर चालणारी गाडी गवतात रुतून बसली होती. सीटमध्ये उंदरांनी बाळंतपणं उरकलेली, बॅटऱ्यांच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटं. भंगारवाल्याकडे जाण्याआधी धाकटीने ती मागून घेतली आणि वसाहतीतल्या माणसांनी ढकलत वर आणली.

मग सगळ्या संध्याकाळी शेडमध्ये जाऊ लागल्या. धाकटीने गरम पाण्यात सोडा घालून ती पुटं घासली, बसच्या सीटांचं उरलेलं हिरवं रेक्झिन शिवून चढवलं. वायरी पाहायला वसाहतीतला वायरमन आला. थोरली एका स्टुलावर स्वतः, दुसऱ्यावर पाय, अशी बसून बॅटरी-टॉर्च धरायची आणि दोघांना शिव्या घालायची. "अरे, मेलेलं जनावर आणलंय तुम्ही. कशाला उगाच मालिश करताय?"

आणि एका संध्याकाळी पेडल दाबल्यावर सीटखालून आवाज आला. टक्!

"ही बोलली काय गं?" थोरलीने टॉर्च सोडून टाळीच वाजवली.

"आत रिले आहे, ताई," वायरमन म्हणाला. "पेडल दाबलं की तो टक् करतो आणि करंट मोटरकडे सोडतो. बॅटरी उतरलेली असली तरी थोडीफार टक् होते. टक्सुद्धा नाही झाली तर समजायचं, वाटेतच कुणीतरी करंट अडवलाय."

त्याच वायरमनला आता सारथीबाबा म्हणत होते.

सुरुवात अगदी साधी झाली. गाडी धावायला लागली, थोरली ड्रेसिंगला वेळेवर जायला लागली, इतर म्हातारेही बसू लागले. एक दिवस एका खोकणाऱ्या माणसाला घेऊन येताना गाडी अडली. माणसाने वैतागून विडी फेकली. तेवढ्यात वायरमनने सीट उचलून बॅटरीची सैल झालेली तार दाबली आणि गाडी चालू झाली. कुणीतरी म्हणालं, "गाडीला विडी चालत नाही वाटतं!" सगळे हसले. वायरमनही हसला, पण इतरांपेक्षा जरा उशिरा. त्यानंतर कुणासमोर सीट उचललेली कोणी पाहिली नाही.

"पुढचं कोण?" सारथीबाबाने हाक दिली.

काठी टेकत थोरली पुढे झाली. धाकटी गर्दीत घुसली.

"ताई! तुम्ही कुठे?"

थोरलीने ऐकलं नाही की न ऐकल्यासारखं केलं. ती चालकाच्या जागी बसली. सारथीबाबाने सांगितलं, "त्याच पायाने दाबा. जो पाय डॉक्टरांनी टाकून दिलाय, त्याच." तिने पट्टी बांधलेलं पाऊल पेडलवर टेकवलं. गाडी हलली नाही. मग तिने पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढली आणि टोपलीत ठेवली. धाकटी माणसं बाजूला सारत पोचेपर्यंत उशीर झाला होता.

"गाडीने घेतलं!"

"माझ्या पायाने चालली गं!" थोरली हसत-रडत ओरडत होती. "मेलेल्या पायाने!" पट्टीवर ओला डाग पसरत होता आणि तिला तो कळत नव्हता.

रात्री जेवताना दोघींचं वाजलं.

"ताई, इंजेक्शन घ्या. पाया पडते."

"पोटात टोचून टोचून चाळण झाली. काय मिळालं? तिथे बसले आणि पायाने काम केलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

"पायाने पेडल दाबलं. विटेनेही दबलं असतं."

थोरलीने ताट बाजूला सारलं. "तू सीट शिवलीस बाई. बसणाऱ्याचं तुला काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी धाकटीने वायरमनला शेडमागे गाठलं. "त्यांना इन्सुलिन घ्यायला सांगा. तुमचंच ऐकतील त्या. बाकी तुमचं दुकान चालू द्या, मी तोंड उघडणार नाही."

वायरमनने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. ज्या बाईबरोबर त्याने बॅटऱ्या उचलल्या होत्या, तिच्याशी थापा मारायला त्याला अवघडच जात असावं. पण जमलं.

"मी कुठे नको म्हणतो? गाडी म्हणते."

थोरलीने ड्रेसिंगही सोडलं. पट्टीवर भारित जल शिंपडायला लागली. घराला वास यायला लागला; तिने उदबत्त्या वाढवल्या. व्हॅनमधली नर्स फाटकाशी धाकटीला म्हणाली, "मावशी, उचलून आणा. मी सांगते म्हणून आणा." पण पूर्ण शुद्धीत असलेल्या, दाराची कडी आतून लावून बसणाऱ्या बाईला उचलणार कसं?

म्हणून धाकटी पुन्हा गर्दीत उभी राहिली. या वेळी तिने डोळे बाजूला ठेवले आणि कान लावले. गाडी ज्यांना घ्यायची त्यांच्या वेळी टक् व्हायचं. ज्यांना नाकारायची त्यांच्या वेळी पेडलचा करकर आवाज, बाकी चिडीचूप. टक्सुद्धा नाही. आणि मग तिने सारथीबाबाचा डावा हात पाहिला. उजवा आशीर्वाद देत होता, बाटल्या देत होता, घाम पुसत होता. डावा मात्र सीटच्या कडेखालून हलतच नव्हता.

"मला बसू द्या," ती म्हणाली.

गर्दी कुजबुजली. सारथीबाबा क्षणभर चरकला, पण लोकांसमोर नाही म्हणणार कसा? तिने पिशवी उलटी केली. रुमाल, दोऱ्याची रिळं, कात्री. "औषध नाही. मी काही घेत नाही."

"खरं बोलतेय," सारथीबाबा गंभीरपणे म्हणाला. "गाडीला कळतं. दाब."

टक्. गाडी सरकली. "गाडीने घेतलं!"

धाकटीने ब्रेक लावला, कमरेला खोचलेली, घरात उरलेली थोरलीची दुसरी इन्सुलिनची बाटली काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "हिला कळलं नाही वाटतं!"

"गाडीने तुला माफ केलं," सारथीबाबा घाईने म्हणाला. "पहिला अपराध..."

"उठ तिथून."

"बाई, शक्तीचा अपमान..."

"या सीटला स्क्रू नाहीत, लोकहो! मी शिवलीय. ही नुसती ठेवलेली असते. आजवर कुणी उचलून पाहिली?" तिने खाली उतरून पुढची सीट दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली.

खाली बॅटऱ्या, आणि चावीकडून रिलेकडे जाणारी वायर मध्येच कापलेली. कापलेल्या टोकांना नवी लाल वायर जोडून मागच्या सीटखाली नेलेली. धाकटीने वायरीवरून हात फिरवत नेला. सारथीबाबाचा डावा हात आता मांडीवर आला होता; जिथून आला तिथे दारावरच्या बेलचं पांढरं बटण चिकटवलेलं होतं.

"काका, पेडल दाबा," ती टेलरला म्हणाली. तिने बटण दाबलं. टक्, गाडीने हिसका दिला. सोडलं. गप्प. दाबलं, सोडलं. "गाडीने घेतलं. नाही घेतलं. घेतलं. नाही घेतलं. अजून दाखवू?"

कुणी ओरडलं नाही. मग सगळे एकदम टोपलीकडे धावले. कुठली पट्टी कुणाची कळेना. टेलर दम्याच्या माणसाशी एका पाकिटावरून भांडायला लागला. त्या झटापटीत सारथीबाबा कधी निघून गेला, कुणाच्या लक्षात आलं नाही. बाटल्या मात्र तो घेऊन गेला.

थोरली तापाने ग्लानीत गेली तेव्हा कडी तोडून तिला त्याच गाडीतून खाली फाटकाशी आणि तिथून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि धाकटीला बाहेर बोलावलं. "थोडं आधी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं." घोट्याच्या वरून पाय गेला.

वसाहतीने काय म्हणावं? बरेच जण धाकटीला टाळायला लागले. काही म्हणाले, बटण असेल, पण त्याच्या हातात शक्ती होती. आणि थोरली शुद्धीवर आल्यावर छताकडे बघत म्हणाली, "तू सीट उचलली नसतीस तर पाय राहिला असता."

धाकटीने चादर सारखी केली, वेळ झाली होती म्हणून नर्सला इंजेक्शनसाठी बोलावलं.

खोटा चमत्कार माणसाचे पैसे नेतो, ते परत मिळवता येतात. पण तो माणसाचा वेळही नेतो, आणि वेळ परत मिळत नाही. दुखणं वेळ खाऊनच वाढतं. बाबा कुठल्या देवाचं नाव घेतो ते विचारू नका. तो एक हात कुठे लपवतो ते बघा, आणि बघता येत नसेल तर आपलं औषध आपल्या खिशातच ठेवा. सीट उचलायला विद्वान असावं लागत नाही, लोकांसमोर वेडगळ दिसायची तयारी लागते.

घरी येताना गाडी फाटकाशी उभी होती. थोरली तिच्यापाशी आली आणि बसेना.

"धर मला. सीट उचलायचीय," ती म्हणाली.

धाकटीने तिला धरलं. थोरलीने कुबडी धाकटीकडे दिली, वाकून एका हाताने सीट वर केली. काढून टाकलेलं बटण धाकटीने तिथेच बॅटरीशेजारी ठेवून दिलं होतं. थोरलीने ते उचललं. दोन बोटांत मावत होतं.

"एवढंसं?"

"एवढंसंच, ताई."

थोरली ते तळहातावर घेऊन उभी राहिली. एका पायावर.